छापून झालेली उडी

बुटाची नाडी बांधायला मला वाकता येत नव्हतं, आणि ते कुणाला दिसू द्यायचं नव्हतं. म्हणून मी तंबूच्या मागे गेले, पाण्याच्या कॅनवर पाय ठेवला आणि हात नाडीपर्यंत पोहोचतो का ते पाहिलं. नाही पोहोचला. कमरेतून एक कळ निघाली ती मांडीच्या मागून सरळ पोटरीत उतरली.

"ऱ्हाऊ द्या मॅडम तसाच पाय," मागून आवाज आला.

आमचे फोटोग्राफर, ढोरे. गळ्यातला कॅमेरा पाठीवर टाकून ते उकिडवे बसले आणि माझ्या बुटाची नाडी बांधू लागले.

"सवय नाही हो अशा बुटांची," मी म्हटलं.

"होय ना. माही बायको बी असंच म्हणे. बाळंतपणाच्या आधी." त्यांनी नाडी ओढली. "घट्ट होते काय अंगठ्याले?"

"नाही."

हे मात्र खरं होतं. उजव्या पायाच्या अंगठ्याला काहीच होत नव्हतं. पडले त्या दिवसापासून तो बधिर होता. टाचणी टोचली तरी कुणा दुसऱ्याला टोचल्यासारखी वाटायची.

ढोरेंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या बुटाची नाडी न सांगता बांधली.

मी तेव्हा आमच्या जिल्ह्याच्या गावातल्या एका दैनिकात होते. कोर्ट आणि पोलीस ही माझी कामं. बातमीदारांच्या खोलीत एक फिरती खुर्ची होती, तिला एक चाक नव्हतं. ते चाक पुरवणीचे संपादक राऊत सर यांच्या खुर्चीला लागलं होतं आणि ही गोष्ट शिपायापासून मालकापर्यंत सर्वांना ठाऊक होती. जुनी माणसं त्या खुर्चीवर बसत नसत. एका दुपारी बाकीच्या खुर्च्या कुणाच्या तरी सत्कारासाठी वर नेल्या होत्या. मी खुनाच्या खटल्याचा निकाल घेऊन धावत आले, नजर कागदावर, आणि बसले. खुर्ची एका अंगावर कलंडली. मी बुडावर आपटले. माकडहाडाला मार आणि कमरेच्या दोन मणक्यांमधली गादी सरकलेली. दोन महिने अंथरुणात काढले. परत आले तेव्हा कोर्ट दुसऱ्याला दिलेलं होतं. माझ्याकडे 'शहरात आज' हा मजकूर आला. भजन, रक्तदान शिबिर, निधन वार्ता.

अशा वेळी राऊत सरांनी मला बोलावलं. रविवारच्या पुरवणीत 'करून पाहिलं' नावाचं सदर होतं. बातमीदाराने काहीतरी करून पाहायचं आणि लिहायचं. कुणी विहिरीत उतरलं होतं, कुणी सर्कशीत झोपाळ्यावर बसलं होतं.

"गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर स्कायडायव्हिंगचं शिबिर आहे," ते म्हणाले. "प्रशिक्षकाच्या पोटाशी बांधून विमानातून उडी. आपल्याकडून तू जा."

"मी?"

"तूच. लोक म्हणतात, तायडे बाई आता टेबलापुरत्याच उरल्या. एकदा आभाळातून खाली आलीस की कोण म्हणेल? सोमवारपासून कोर्ट तुझं. शब्द देतो."

पाठ आता बरी आहे, असं मी ऑफिसात सांगून ठेवलं होतं. त्यामुळे नाही म्हणायला कारणच उरलं नव्हतं.

डॉक्टर इंगोले यांना विचारलं तेव्हा ते आधी हसले. "विमानात खुशाल बसा. उतरायचं मात्र जिन्यानं." मग मी हसत नाही असं पाहून त्यांनी माझ्या एमआरआयची फिल्म पुन्हा दिव्यावर लावली. "ही गादी नसेला टेकलेली आहे. बसल्या जागी दणका बसला तर पाऊल लुळं पडेल. लघवीचा ताबा जाईल. मग मी ऑपरेशन करीन, पण गेलेलं परत येईल असं लिहून देणार नाही."

नवऱ्याला, सिद्धार्थला, मी हे सगळं सांगितलं. लपवलं नाही. तो डबा भरत होता. म्हणाला, "मार उडी. मी अडवणारा कोण? फक्त एक सांग. नंतर भांडं मीच धरायचं ना?"

आधीचे दोन महिने ते त्यानेच धरलं होतं. एकदाही नाक मुरडलं नव्हतं. म्हणून त्याचं ते वाक्य मला फार लागलं, आणि लागलं म्हणूनच मी शनिवारी सकाळी कमरेला पट्टा आवळला, वरून सैल सदरा घातला आणि ढोरेंच्या मोटारसायकलवर न बसता रिक्षाने धावपट्टीवर आले.

आता तंबूमागून पुढे आले तर वास आला. कापूर, गंधपुरा आणि खवट झालेलं तिळाचं तेल. शिबिराचे प्रायोजक 'कटिवज्र' तेलवाले होते. धावपट्टीच्या कुंपणावर त्यांचा फलक होता. त्यावर एक म्हातारा दोन्ही हात पसरून ढगात पोहत होता, खाली लिहिलं होतं, 'पाठ म्हणेल, मार उडी!' कंपनीचे विक्री व्यवस्थापक टेकाडे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या मनगटावर तेलाचे थेंब टाकून आपल्या अंगठ्याने चोळत होते.

"आल्या, आल्या आमच्या वाघीण!" त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. तळवे पाघळलेल्या लोण्यासारखे. "पाठ कशी आहे आता?"

"बरी आहे," मी म्हटलं. मग थांबले. "तुम्हाला कुणी सांगितलं पाठीचं?"

"अहो, तुमचं काय लपून राहतं? तुम्ही पब्लिक फिगर!"

हात सोडवून घेतला. पदराला, म्हणजे सदऱ्याला, पुसला. वास गेला नाही.

उडी मारणाऱ्यांना एका रांगेत उभं केलं होतं. प्रशिक्षक कबीर पुण्याचा, तरुण, गॉगल केसांवर सरकवलेला. तो उड्या मारत समजावत होता.

"दारातून बाहेर पडलो की बॉडी बनाना! छाती पुढे, पाय मागे. केळं, केळं! करून दाखवा सगळे."

सगळे केळी झाले. मीही झाले. पट्ट्याखाली काहीतरी करकरलं. कपाळावर घाम आला तो मी कपाळावर हात टेकवून ऊन अडवल्यासारखं दाखवत पुसला.

"आणि लँडिंगला पाय वर उचलायचे. आपण घसरत बसतो."

"बसतो म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे बुडावर, मॅम. मस्त गवत आहे. काही नाही होत."

समोर उतरायच्या जागेकडे मी पाहिलं. गवत नव्हतं. कापूस वेचून झालेलं शेत होतं, वाळून दगड झालेली ढेकळं आणि पऱ्हाटीचे खुंट. थोडंफार गवत मधल्या पट्ट्यात होतं, जिथे गुरं बसतात.

"कुणाला हार्ट, बीपी, बॅक इश्यू?" कबीरने विचारलं.

रांगेतल्या एका गृहस्थांनी हात वर केला. बँकेतले अधिकारी, बिल्ला अजून खिशाला होता. "माझी अधूनमधून कंबर धरते."

"सॉरी सर. मग नाही. मी रिस्क घेत नाही."

त्यांचे पट्टे सोडले. ते बायकोजवळ जाऊन बसले. शाळेला सुट्टी मिळाल्यासारखा आनंद त्यांच्या तोंडावर होता. माझा हात मी खिशात ठेवला. कबीर माझ्यापाशी आला, माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून तिकडे टेकाडेंकडे पाहिलं.

"ओके. नेक्स्ट."

मला वाटलं, माझा अभिनय जमला.

राऊत सर आले ते पांढरे बूट घालून. मला बाजूला घेऊन म्हणाले, "घाबरली नाहीस ना?"

"सर, सोमवारी कोर्ट?"

"अगं, बोललो ना."

"वरच्यांशी बोललात?"

"प्रज्ञा," ते म्हणाले, "तू उडी मार. खाली मी आहे."

त्या वेळेपर्यंत माझं ठरलं होतं. हे मी स्पष्ट सांगते, कारण पुढे लोकांनी मला सावध, शहाणी वगैरे म्हटलं. मी उडी मारणार होते. पाऊल लुळं पडलं तर काठी घेऊन कोर्टात जाईन, असा हिशेब मी केला होता. वकिलांत एक-दोन जण काठी घेऊन येत. न्यायाधीशांसमोर उभं राहायचं त्यांना, मला तर बाकावर बसायचं. भांड्याचा विचार मी पुढे ढकलला होता. बातमीत जो भाग जमत नाही तो आपण शेवटच्या परिच्छेदात ढकलतो, तसा. जागा कमी पडली तर कापलाच जातो.

विमान एक फेरी मारून यायला गेलं. माझा नंबर दुसऱ्या फेरीचा. निळा पोशाख चढवला. छातीवर चिकटपट्टीने 'प्रज्ञा' अशी नावाची पट्टी लावलेली होती. हेल्मेट हातात दिलं. ढोरेंनी दोन-चार फोटो काढले.

"नाश्ता करून घ्या," ते म्हणाले. "तर्री-पोहे हायेत."

"उडीच्या आधी नको."

"मंग चहा घ्या. उभ्या उभ्या कायले ताटकळता?"

पोह्यांच्या गाडीभोवती गर्दी होती. पोहेवाल्याच्या थाळ्या संपल्या होत्या. टेकाडेंनी वाटायला आणलेल्या पेपरच्या गठ्ठ्यातली पानं तो दुमडून, त्यावर पोहे आणि वर लालभडक तर्री ओतून देत होता. बँकेतले गृहस्थ तसाच पेपर हातावर घेऊन खात होते. मला पाहून त्यांनी तोंडातला घास घाईने गिळला.

"अभिनंदन मॅडम! वाचली तुमची उडी. अंगावर काटा आला हो."

"माझी उडी अजून व्हायची आहे," मी म्हटलं.

ते गोंधळले. "पण यात तर..." त्यांनी पोहे एका कडेला सारले आणि कागद माझ्याकडे वळवला. "हे बघा ना. तुम्हीच ना?"

उद्याच्या, रविवारच्या पुरवणीचं पहिलं पान. वर माझं नाव. बाजूला फोटो म्हणून मी नव्हते. माझा कणा होता.

काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे मणके, एकावर एक. खालून दुसऱ्या जागी गादी बाहेर डोकावलेली, तिच्याभोवती लाल वर्तुळ. ती फिल्म मी पाहिल्याबरोबर ओळखली. कोपऱ्यात तपासणी केंद्राचा शिक्का होता, तो अर्धवट खोडलेला. औषधोपचाराचा खर्च मिळावा म्हणून मी तिची एक प्रत ऑफिसात जमा केली होती. कण्याच्या शेजारी, कण्याएवढीच उंच, कटिवज्रची बाटली. आणि तर्री कागदात मुरत चालली होती, वरच्या मणक्यापासून खाली. वर्तुळापर्यंत आली होती. कागद तिथे पारदर्शक झाला होता आणि पलीकडच्या पानावरची राशिभविष्यं माझ्या मणक्यांतून दिसत होती.

मी वाचलं. मला दुसऱ्याचा मजकूर भराभर वाचायची सवय आहे. 'दंगलीचं वार्तांकन करताना गच्चीवरून कोसळले तेव्हा वाटलं, सारं संपलं.' दंगल नव्हती, गच्ची नव्हती. चाक नसलेली खुर्ची होती, पण खुर्चीत काय मजा. 'डॉक्टरांनी हात टेकले. मग कुणीतरी कटिवज्र सुचवलं.' पुढे मी विमानाच्या दारात होते. 'आणि मी झेप घेतली! ढगांनी गालांना स्पर्श केला. मी पक्षी झाले, मी पीस झाले, मी श्वास झाले.' शेवटी मी शेतात अलगद उतरले होते आणि काळ्या आईला नमस्कार करायला वाकले होते. वाकले होते!

"तेलाची बाटली मी पण घेतली," बँकेतले गृहस्थ म्हणाले. "म्हटलं, या मॅडम असल्या मणक्यांवर उडी मारतात तर आपल्याला कंबरेचं काय." त्यांनी बोटाने कडेची तर्री निपटली. माझ्या माकडहाडापासून वरपर्यंत बोट फिरवलं आणि चाटलं.

मी दोन पावलं मागे सरले आणि पोहेवाल्याच्या गाडीचा दांडा धरला.

"ढोरे," मी म्हटलं, "हे तुम्हाला माहीत होतं?"

ढोरेंनी कॅमेऱ्याचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. "पुरवणी शुक्रवारी छापतेत मॅडम. तुमाले मालूमच हाय."

मला माहीत होतंच. रविवारची पुरवणी आधीच छापून ठेवतात. दिवाळी पहाट व्हायच्या आधी 'उत्साहात' झालेली असते. व्याख्यानाला गर्दी जमायच्या आधी सभागृह 'खचाखच' भरतं. आमच्या धंद्यात कुणी त्याला खोटं म्हणत नाही. आम्ही त्याला पान लावणं म्हणतो. फक्त आजवर त्या पानात माझी हाडं नव्हती.

राऊत सर टेकाडेंबरोबर खुर्चीत बसून चहा पीत होते. मी तो तेलकट कागद त्यांच्यासमोर धरला.

"सर, हे कोणी लिहिलं?"

"अगं, शनिवारी उडी, रविवारी पुरवणी. कोणीतरी लिहायला हवं ना? तू मारून आल्यावर लिहिलं असतं तर पुढच्या रविवारी आलं असतं. तोपर्यंत शिळं."

"आणि फिल्म?"

"कुठली? अच्छा, ती. ऑफिसात पडून होती."

"माझी होती."

"ऑफिसात दिलेली म्हणजे ऑफिसची ना?" ते हसले. "आणि तुझा चेहरा तर छापला नाही. मणके काय गं, सगळ्यांचे सारखेच."

टेकाडे मध्ये पडले. "मॅडम, रागावू नका. कॅम्पेन तुमच्यावरच उभं आहे. चांगल्या पाठीच्या माणसाने उडी मारली तर त्यात तेलाचं काय कौतुक? आम्ही राऊत सरांना आधीच म्हटलं होतं, पाठ मोडलेलाच माणूस द्या."

तेव्हा मला कळलं. मी इतके दिवस पाठ लपवत होते. ज्यांच्यापासून लपवत होते त्यांना तीच हवी होती. कबीरने त्या बँकवाल्याला रांगेतून काढलं होतं आणि मला ठेवलं होतं, माझ्या अभिनयामुळे नव्हे.

कबीर हेल्मेट तपासत होता. मी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"मॅम, मला सांगितलं की तुम्ही बऱ्या झालात." त्याने गॉगल डोळ्यांवर ओढला. "तेलाने."

"आणि सर, मी उडीत लंगडी झाले तर?"

राऊत सर गंभीर झाले. विचार करून, मनापासून उत्तर दिलं त्यांनी. "असं अभद्र बोलू नये. पण पुरवणी छापून झाली आहे, प्रज्ञा. आता त्यात काही बदलत नाही."

मला राग आला असता तर मी उडी मारली असती. राग आला की मी कामं करते. दुःख झालं असतं तरी मारली असती. पण मला आली ती किळस. हाताला चिकटलेलं तेल, त्या गोड शब्दांचा चिकचिकाट, ते बोट. त्या ढगांना आणि त्या पिसाला मी माझं शरीर देऊन खरं करणार होते. माझ्याच पायाचं मोल देऊन त्यांचा मजकूर मी अचूक करणार होते.

"सर, मी उडी मारत नाही."

"वेडी आहेस का? उद्या लाखभर घरांत पेपर जाणार!"

"मणके सगळ्यांचे सारखेच असतात," मी म्हटलं. "मग उडीही कुणाची चालेल."

मला वाटलं होतं, हे त्यांच्या वर्मी लागेल. राऊत सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग टेकाडेंकडे. हळूहळू त्यांचा चेहरा उजळला. पानाच्या तळाशी रिकामी राहिलेली जागा भरायला ऐन वेळी एखादी जाहिरात मिळावी, तसा.

"कबीर," ते म्हणाले, "तुमच्यात एखादी मुलगी आहे का, साधारण या उंचीची?"

होती. शमिका नावाची, पॅराशूट घड्या घालणारी. तिने माझा निळा पोशाख घातला. नावाची पट्टी मी उपटायला गेले तर राऊत सर म्हणाले, "असू दे, असू दे." हेल्मेट तिनेच माझ्या हातातून घेतलं. "सॉरी हं ताई," ती म्हणाली. "मला वरून उडी मिळतेय म्हणून... एरवी कोण नेतं आम्हाला?" तिचा काही दोष नव्हता.

ढोरे माझ्याजवळ आले. "मॅडम, उद्याच्या अंकाले फोटो काढू का नको? तुमी म्हनान तसं. पन मले घर हाय."

"काढा," मी म्हटलं. "चेहरा येऊ देऊ नका म्हणजे झालं."

"तसंच सांगितलं हाय त्यायनं," ते म्हणाले आणि मान खाली घालून शेताकडे गेले.

शमिका आणि कबीरला घेऊन विमान वर गेलं. मी पाण्याच्या कॅनवर बसले. कमरेचा पट्टा सैल केला. फार उंचावर एक ठिपका सुटला, मग त्याच्यावर रंगीत छत्री फुलली. लोक टाळ्या वाजवू लागले. ध्वनिक्षेपकावर टेकाडे ओरडत होते, "आपल्या प्रज्ञाताई! मोडलेल्या पाठीची वाघीण! कटिवज्रची कमाल!" बँकेतले गृहस्थ टाचा उंचावून पाहत होते. ते माझ्याकडे वळले, मला पाहिलं, वर पाहिलं, परत मला पाहिलं. मग त्यांनी नजर काढून घेतली आणि वर बघत टाळ्या वाजवू लागले.

मी स्वतःला खाली येताना पाहिलं. ती गोल फिरत आली, पाय वर उचलले, आणि गवताचा पट्टा चुकला. दोघे ढेकळांवर आपटले, घसरले, पऱ्हाटीच्या खुंटांना अडकले. तो आवाज मी कुंपणापाशी ऐकला. बसल्या जागीचा दणका. माझ्या कमरेत कळ उठली, आपोआप.

शमिका हसत उठली. तरुण होती, तिला काही झालं नाही. पोशाखाला लागलेली माती झाडली. मग राऊत सरांनी खूण केली तशी ती पाठमोरी होऊन काळ्या आईला नमस्कार करायला वाकली. छान वाकली. ढोरेंचा कॅमेरा वाजला.

मी रिक्षाने ऑफिसात गेले. शनिवारची दुपार, बाकीचे जेवायला गेलेले. 'शहरात आज' हे माझं काम होतं आणि त्या दिवशीही होतंच. मी भजनाची बातमी लावली, रक्तदान शिबिराची लावली. मग लिहिलं: 'आजच्या पुरवणीत श्रीमती प्रज्ञा तायडे यांनी विमानातून उडी मारल्याचा मजकूर आहे. त्यांनी उडी मारलेली नाही. तेलही लावलेले नाही. त्या खुर्चीवरून पडल्या होत्या.' विशेषण एकही नाही. त्याखाली निधन वार्ता लावल्या आणि पान सोडलं.

ते छापून आलं. 'शहरात आज' कुणी तपासत नसे. डॉक्टर इंगोले यांचा तेवढा फोन आला. "वाचलं. निधन वार्तेच्या वरच होतं, तुमचं नाव बघून दचकलो."

सोमवारी मला कोर्ट मिळालं नाही, नोकरीही उरली नाही. पुढे शेजारच्या जिल्ह्यातल्या पेपरात गेले. तिथे कोर्ट मिळालं. बाकावर बसायला उशी लागते, एवढंच.

बऱ्याच वर्षांनी त्या गावी एका लग्नाला गेले होते. बसस्टँडजवळच्या मेडिकलमध्ये कंबरदुखीची गोळी मागितली. दुकानदाराने गोळी दिली आणि वर भिंतीकडे बोट केलं. प्लॅस्टिकमध्ये मढवलेलं, पिवळं पडलेलं पान. माझे मणके.

"गोयीनं काय होते ताई? हे तेल घ्या. पाहा ह्या बाईचा कना. दंगलीत मोडला होता. तेल लावलं आन् इमानातून उडी मारली तिनं!"

"तिने उडी मारली नव्हती," मी म्हटलं.

"असं कसं? छापून आलं ना वो. मंग पेपरवाले काय खोटं छापतेत?"

चपलेचा पट्टा सुटला होता. मी खाली वाकले, पट्टा लावला आणि उठले.

तो काउंटरवरून ओणवून पाहत होता.

"वाकता तर बेस तुमी," तो म्हणाला. "कोनतं तेल लावता?"